मागच्या दाराने आलेली गाणी

'भूमिगत' हा शब्द कानावर पडला की आमच्या डोळ्यांसमोर १९४२ साल उभे राहते. क्रांतिसिंह नाना पाटलांचे पत्री सरकार, रात्रीच्या बैठका, निरोप पोहोचविणारी पोरे, आणि भाकरी बांधून देणाऱ्या, पण तोंडातून नाव न काढणाऱ्या बायका. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या या हकिकतींवर आमचे बालपण पोसले. आता तोच शब्द नातवंडांच्या तोंडी इंग्रजी रूपात येतो, आणि तोही संगीताला जोडून. 'अंडरग्राउंड' संगीत म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर मिळते ते असे : जे मोठ्या कंपनीने काढलेले नाही, रेडिओने वाजविलेले नाही, ज्याला सभागृह मिळत नाही, आणि जे एकाने दुसऱ्याला ऐकवले म्हणूनच पुढे जाते, ते. त्यात नाचाचे संगीत येते, पॉप येते. आणि १९७६ च्या सुमारास लंडनच्या बेकार, चिडलेल्या तरुणांनी उभे केलेले पंकही येते. वाद्य सफाईने वाजविता आले नाही तरी चालेल, पण सांगण्यासारखे काही पोटात हवे, हा त्या पंकवाल्यांचा बाणा. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभे न राहता त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःच तबकड्या काढल्या.

हे सारे ऐकून प्रथम मनात आले, आपला याच्याशी काय संबंध? आपण बेळगाव-निपाणीकडची माणसे. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज पेशवाईतल्या सरदारांबरोबर आले, कुणाचे तंबाखूच्या व्यापारासाठी, कुणाचे छावणीतल्या नोकरीच्या निमित्ताने. संगीताचा विषय निघाला की आपण संगीत नाटकांच्या आठवणी काढतो, वझेबुवांचे नाव घेतो, कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा हे अभिमानाने सांगतो. यात गैर काहीच नाही. पण जरा मागे वळून पाहिले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, नातवंडे ज्या संगीताविषयी बोलतात त्याची या मातीत मोठी परंपरा आहे. ते पुढच्या दाराने दिवाणखान्यात आले नाही, मागच्या दाराने आले, म्हणून आपण त्याची दखल घेतली नाही, इतकेच.

१९२४ सालापासून सुरुवात करू. त्या वर्षीच्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. विष्णू दिगंबर पलुसकर, वीणा शेषण्णा यांच्यासारखे थोर कलावंत तेथे आले होते. त्याच मांडवात धारवाडच्या एका अकरा वर्षांच्या मुलीने स्वागतगीत गायिले. ती पुढे गंगूबाई हनगल म्हणून सर्व देशाला माहीत झाली. देवदासी परंपरेतल्या घराण्यात जन्मलेल्या त्या मुलीच्या मनात त्या दिवशी गाण्यापेक्षा वेगळीच धास्ती होती : आपल्या जातीकडे पाहून जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना? हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. गाणे मांडवात शिरले होते. गाणाऱ्या मुलीला मात्र आपण आत आहोत की बाहेर, याची खात्री नव्हती. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आम्हांला या एका प्रसंगात सापडते.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी निपाणीस आले होते. बेळगावच्या अधिवेशनाची शताब्दी २०२४ साली गाजली. निपाणीच्या परिषदेची शताब्दी आपल्या घरांतून किती जणांनी आठवली, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. त्या काळी कोल्हापूर-सातारा भागात सत्यशोधकांचे जलसे गावोगाव होत होते. त्यांची रचना मोठी हुशारीची होती. गण, गौळण, वग हा तमाशाचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि आत मजकूर मात्र नवा भरायचा : सावकारी, भटशाही, शिक्षण. लोक तमाशा पाहायला जमत आणि फुल्यांचा विचार ऐकून घरी जात. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी हाच मार्ग आंबेडकरी जलशासाठी वापरला. काँग्रेसच्या मांडवातल्या गाण्याची नोंद झाली. जलशांतले गाणे बहुतांशी ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिले आणि त्यांच्याबरोबरच गेले.

आता नाचाच्या संगीताकडे वळू. त्यासाठी सौंदत्तीच्या डोंगरावर जावे लागेल. मार्गशीर्षातल्या आणि माघातल्या पौर्णिमेला यल्लम्माच्या यात्रेसाठी कर्नाटक-महाराष्ट्राच्या दोन्ही अंगांनी माणसे लोटतात. जोगते, जोगतिणी डोक्यावर जग घेऊन नाचतात. साथीला चौंडके आणि तुणतुणे. चौंडके हे मोठे चमत्कारिक वाद्य आहे. काखेत धरलेले पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला कातडे, आणि कातड्यातून निघालेली तार हाताने ताणून धरलेली. ताण बदलला की सूर बदलतो. त्यामुळे एकच वाद्य तालही धरते आणि गळ्यासारखे घुमतेही. त्या सुराला पेटीसारखी ठरावीक पट्टी नाही. तो सतत सरकत असतो. ज्याने तो एकदा रात्रीच्या वेळी ऐकला तो सहसा विसरत नाही.

या गाण्यांमागे दुःखाचा इतिहास आहे, हे विसरून चालणार नाही. मुली देवीला सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली. प्रथा मोडलीच पाहिजे होती. पण प्रथा मोडताना गाणाऱ्या बाईकडे आपण केवळ कलंक म्हणून पाहिले आणि तिच्या गळ्यातली विद्या कवडीमोल ठरविली. आज काळ थोडा बदलला आहे. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षही झाल्या. ज्या नाचाकडे आपल्या घरांतून दारे लोटून घेतली जात, तो राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचला. तोपर्यंत आपल्या आजूबाजूच्या किती जोगतिणी आपली गाणी कुणालाही न देता गेल्या असतील!

याच जागी आपल्या सीमाभागाची एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. यात्रेतली ही गाणी भाषावार प्रांतरचना मानीत नाहीत. मराठी ओळीत कानडी शब्द येतो, कानडी पदाला मराठी वळण असते. बैलहोंगल भागातल्या खुनाच्या एका घटनेवर रचलेला 'संग्या बाळ्या' हा खेळ कानडी खरा. पण तमाशाच्या फडात बसलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. उलट, आपल्या भागातल्या कित्येक कानडी माणसांच्या कानांत संगीत नाटकातली पदे मुरलेली असतात. १ नोव्हेंबर १९५६ नंतर दोन्ही बाजूंनी गाणी भाषेनुसार वाटून घेतली. आमच्यावरचा अन्याय खरा आहे आणि त्याविषयीची भूमिका आम्ही बदललेली नाही. परंतु या वाटणीत जी गाणी अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची होती, ती कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. मराठी संग्राहकाला ती अशुद्ध वाटणार आणि कानडी संग्राहकाला परकी. भूमिगत व्हायला याहून पक्की जागा कुठली असणार?

सीमालढ्याचा विषय आलाच आहे, तर त्याच्या गाण्याकडे येऊ. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ठराव गद्यात होता. त्याला गळा मिळाला तो निराळ्याच लोकांकडून. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक काढले होते. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, मुंबईच्या चाळीत आणि गिरणीत वाढलेले. अमर शेख बार्शीचे मुसलमान. एक डफ, एक तुणतुणे, ढोलकी आणि पाचपन्नास हजारांच्या सभेला पुरेल असा आवाज, एवढेच भांडवल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच असल्याने ती आपल्याकडेही लागू होती. अण्णाभाऊंनी त्यावर साधा उपाय काढला. त्यांनी खेळाचे नाव 'लोकनाट्य' ठेवले, गणातल्या देवाच्या जागी कष्टकऱ्यांना वंदन केले, आणि डफ पुन्हा वाजू लागला. पोटात सांगण्यासारखे काही असणे, परवानगीची वाट न पाहणे आणि हातातल्या साधनांवर काम भागविणे हा जर पंकचा बाणा असेल, तर आमच्याकडे तो लंडनच्या तीस वर्षे आधी आला होता.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे! मुंबईत पोट भरायला आलेल्या गड्याची गावी राहिलेली मैना आणि महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख, यांची तीत सांगड घातली आहे; त्यात बेळगाव, निपाणी, कारवार यांची नावे येतात. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना ज्या शब्दांनी आपले डोळे भरून येतात, ते शब्द लावणीच्या घराण्यातल्या रचनेत बसविलेले आहेत. आपल्या दुःखाला नेमका आकार देणारा तो कवी १९६९ सालच्या जुलैत हलाखीत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमर शेखही गेले. आपण गाणे व्यासपीठावर घेतले. पण ज्या वस्तीतून ते आले त्या वस्तीतल्या तरुणाला त्या काळी आपल्या माजघरापर्यंत येता आले असते का? हा प्रश्न बोचरा आहे. तो आम्ही प्रथम स्वतःलाच विचारीत आहोत.

पॉपची, म्हणजे लोकप्रिय गाण्याची, कथाही अशीच गंमतीची आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याआधी १९४० पासून तिथे पेटीलाही बंदी होती. ज्या वाद्यावाचून आपले नाट्यसंगीत उभेच राहू शकत नाही, ते वाद्य सरकारी स्टुडिओत अस्पृश्य ठरले होते. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवला आणि लघुलहरींवरचे रेडिओ सिलोन लावले. वर्षअखेरीस तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. ज्या घरांत वडील मंडळी आकाशवाणीवरचा ख्याल ऐकत, त्याच घरांत ती बाहेर पडली की सिलोन लागत असे. अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आपल्या भागाचा कान तर दोन केंद्रांवर वाढला : १९५० पासून धारवाड आणि १९६३ पासून सांगली. एकाच पेटीतून सकाळी कानडी वचने आणि दुपारी मराठी भावगीते ऐकणारी घरे नकाशावर दाखविता येत नाहीत.

बंदी आली की गाणे वाट शोधतेच, याचे नवल सर्व जगभर दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमधले काही धाडसी लोक रुग्णालयांनी टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या पट्ट्या गोल कापीत आणि त्यांच्यावर मनाई असलेली गाणी कोरीत. तबकडी उजेडात धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. आपल्याकडे इतकी जोखीम नव्हती, पण युक्त्या होत्याच. जत्रेत विकल्या जाणाऱ्या पातळ कागदाच्या गाण्यांच्या चोपड्या, हॉटेलातला ग्रामोफोन, आणि पुणे-बंगलोर रस्त्यावरून धावणारे मालट्रक. निपाणी याच रस्त्यावर आहे. तंबाखूची पोती चढविता-उतरविताना नवी गाणीही उतरत.

पुढे कॅसेट आली आणि सारा नूरच पालटला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही वस्तू आपल्याकडे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, बहुधा आखातातून परतलेल्यांच्या सामानातून, पसरू लागली. १९८० नंतर गुलशनकुमारांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केली. तोवर काय छापायचे हे एक-दोन मोठ्या तबकडी कंपन्या ठरवीत. आता ते बाजारपेठेतला छोटा दुकानदारही ठरवू लागला. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांत भरून मिळे. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज, भीमगीते, कव्वाल्या, देवीची गाणी घरोघरी गेली ती याच वाटेने. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीते आषाढीला आपल्या घरांतून लागली. त्यांचीच भीमगीते मात्र पलीकडच्या वस्तीत ऐकू येत राहिली. आवाज एकच, आपण त्याची अर्धी बाजू ऐकली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले.

बेंजोचेही तेच. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे बेंजो पार्टी वाजते. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे तंतुवाद्य १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी बनविले. जपानी घरांतून शांतपणे वाजणारे ते नाजूक वाद्य आमच्या पोरांनी विजेला जोडले, शेजारी ढोल-ताशे आणले आणि रस्त्यावर नाचासाठी उभे केले. कुठल्याही संगीत विद्यालयात ते शिकवीत नाहीत. एक पोरगा दुसऱ्याच्या बोटांकडे पाहून शिकतो. पुढे डॉल्बी आली. किंग्स्टनच्या गल्ल्यांत १९५० च्या दशकात ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचून गरिबांनी आपले नृत्यगृह रस्त्यावरच मांडले आणि त्यातून जमैकाचे सारे नवे संगीत जन्मले. आमच्या डॉल्बीची जात तीच. तिच्याविषयी आपली तक्रार रास्त आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि २००५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल रात्री दहानंतर तिला गप्प बसवतो, ते योग्यच. परंतु आवाज मोठा आहे ही तक्रार वेगळी, आणि तो कुणाचा आहे म्हणून नाक मुरडणे वेगळे. कर्णकर्कशपणाविरुद्ध बोलताना दुसरी गोष्ट पहिलीच्या आड लपत नाही ना, हे तपासून पाहणे बरे.

आता नातवंडांच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर मराठी रॅप वाजते. पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या कबीर कला मंचाने डफ पुन्हा हाती घेतला होता. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ साली वारली आदिवासींचा आरेच्या जंगलासाठीचा आक्रोश प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाण्यात आणला. शब्द भरभर, चाल जवळजवळ नाही, ठेका मात्र पक्का. ऐकताना प्रथम आम्हांला त्रासच झाला. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा पोवाड्यातल्या चढत्या लयीची आठवण झाली. शाहीरही गातो कमी आणि सांगतो अधिक.

या साऱ्या हकिकतींत एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. गाणे खालून येते. वडील माणसे त्याला गोंगाट म्हणतात. पुढची पिढी ते चोरून ऐकते. त्यानंतरची पिढी त्याला धुऊन-पुसून व्यासपीठावर नेते, आणि तोवर ते गाणारा माणूस विस्मरणात गेलेला असतो. जलसा, चौंडके, छक्कड, कॅसेट यांच्या बाबतीत आपण हेच केले. यात गाण्याचे फारसे बिघडले नाही, कारण ते चिवट असते. नुकसान झाले ते आपले. आपल्याच शेजारी राहणारी माणसे आपल्याला सत्तर-ऐंशी वर्षे काय सांगत होती, हे कळण्याची संधी आपण दवडली. सीमाभागात आपण अल्पसंख्य आहोत, आपला आवाज ऐकला जात नाही, हे आपण वरचेवर म्हणतो. ज्यांचा आवाज आपल्याही घरात ऐकला गेला नाही, त्यांची यादी करण्याचा अधिकार आणि जबाबदारी म्हणूनच आपल्यावर अधिक आहे.

आम्ही सभासदांपुढे एक लहानसे काम ठेवतो. प्रत्येक घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसावे, आणि मग घरी कामाला येणाऱ्या बाईजवळ, तंबाखूच्या वखारीत राबलेल्या म्हाताऱ्याजवळ, बेंजो वाजविणाऱ्या पोराजवळही. वहीत चार रकाने आखावेत : गाणे कुणाचे, कुठे ऐकले, साधारण कोणत्या साली, आणि कोणत्या भाषेत. भाषेच्या रकान्यात 'दोन्ही' असे लिहायला संकोच करू नये. आज तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. त्या माणसाची परवानगी घेऊन गाणेही टिपून ठेवावे. नातवंडांना बरोबर न्यावे. नवे संगीत हुडकण्याची हौस त्यांना आहेच, आणि कुणाचे दार ठोठवायचे हे आपल्याला ठाऊक आहे. वही भरली की ती संस्थेकडे द्यावी. फक्त एवढे पाहावे की गाणाऱ्याचे नाव पहिल्या रकान्यातच, पूर्ण, ती व्यक्ती सांगेल तसे लिहिलेले असावे.